प्रायमर (घराचे रंगकाम)

प्रायमर : भिंत, लाकूड किंवा धातू यांवर अखेरचा रंग चढवण्याआधी दिला जाणारा हात. पृष्ठभागाला घट्ट धरून राहणे, वरच्या रंगाला पकड देणे आणि गिलावा किंवा पुट्टी (भिंत गुळगुळीत करणारा लेप) रंग पिऊन टाकणार नाही हे पाहणे, यासाठी तो असतो. चुनखडीची पूड, टाल्क अशी भरीची द्रव्ये त्यात भरपूर असतात. त्यामुळे सुकल्यावर तो खरखरीत आणि निस्तेज दिसतो, आणि तसाच तो असायला हवा.

प्रायमर निवडताना वर कोणता रंग येणार याआधी खाली काय आहे हे पाहावे लागते. ठाणे आणि नवी मुंबईत हे फार महत्त्वाचे ठरते. जून ते सप्टेंबर इथे पाऊस ठाण मांडून बसतो, हंगामात 2000 मिलिमीटरच्या पुढे जातो, आणि खाडीकाठची हवा खारट असते. त्यातच भिंतींचे प्रकार निरनिराळे. नौपाडा-कोपरीच्या जुन्या चाळींत चुन्याच्या सफेदीचे थरावर थर सापडतात. 1970 साली स्थापन झालेल्या सिडकोने वाशी-नेरूळ भागात बांधलेल्या घरांना वाळू-सिमेंटचा गिलावा आहे, तर घोडबंदर रोडवरच्या अनेक नव्या टॉवरमध्ये आतून जिप्सम प्लास्टर असते. एकच डबा या तिन्हींवर सारखा चालत नाही.

सफेदीची किंवा जुन्या डिस्टेंपरची भिंत तळव्याने घासून पाहावी. हात पांढरा झाला, तर तो थर खरवडून आणि धुऊन काढण्याला पर्याय नाही. त्यावर मारलेला प्रायमर भुकटीलाच चिकटतो आणि पुढे दोन्ही मिळून पापुद्रा सुटतो. जिप्सम भराभर पाणी शोषते, म्हणून धूळ झाडून पाण्यातला प्रायमर एकसारखा, न रेंगाळता द्यावा लागतो. साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंतीवर साच्याचे तेल राहिले असेल, तर ते आधी धुऊन काढावे लागते.

नव्या सिमेंट गिलाव्याची अडचण निराळी आहे. ताजे सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते, त्याचा पीएच 12 ते 13 पर्यंत असतो. अशा ओल्या गिलाव्यावर तेलाचा, म्हणजे टर्पेंटाइनमध्ये पातळ करायचा प्रायमर दिला, तर त्यातल्या तेलाचा अक्षरशः साबण होतो. थर मऊ पडतो, चिकट राहतो आणि सुटतो. म्हणूनच गिलाव्याला किमान 28 दिवस मुरू आणि सुकू द्यायचे असतात. ताबा मिळाल्याबरोबर गृहप्रवेशाचा मुहूर्त गाठायचा असला, तरी हे दिवस कापू नयेत. घराच्या आत आज बहुधा पाण्यातला अॅक्रिलिक प्रायमरच वापरतात. त्याला वास कमी असतो आणि अल्कली तो बऱ्यापैकी सोसतो. बाहेरच्या भिंतीला बाहेरचाच, क्षाररोधक प्रायमर लागतो.

पुट्टीच्या आधी प्रायमर की नंतर, यावर रंगाऱ्यांत एकमत नसते, कारण दोन पुट्ट्या दोन प्रकारे वागतात. व्हाइट सिमेंटची पुट्टी ओलसर केलेल्या उघड्या गिलाव्यावर थेट बसते, मध्ये प्रायमर लागत नाही. अॅक्रिलिक पुट्टीखाली मात्र प्रायमरचा एक हात देतात. पुट्टी घासून झाल्यावरचा हात दोन्हींत आवश्यक आहे. तो टाळला, तर रंग जागोजागी कमी-जास्त शोषला जातो आणि संध्याकाळी ट्यूबलाइट लावली की भिंतीवर पट्टे दिसतात.

ओलीवर प्रायमर हा इलाज नाही, मग डब्यावर काहीही लिहिलेले असो. पश्चिमेच्या भिंतीवर खिडकीखाली पोपडे आले असतील किंवा स्कर्टिंगच्या वर लोणा (भिंतीतून बाहेर येणारे पांढरे क्षार) फुटला असेल, तर पाणी येते कुठून ते आधी शोधावे: बाहेरची भेग, वरच्या मजल्याचे बाथरूम की खिडकीची चौकट. संशय असल्यास फूटभर प्लास्टिकचा चौकोन चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीला लावून एक दिवस ठेवावा. आतल्या बाजूला बाष्प जमले, तर भिंत अजून ओली आहे. लोणा कोरड्या ब्रशने झाडायचा असतो. पाण्याने पुसला, तर क्षार विरघळून परत भिंतीत जातात. म्हणून इथली रंगकामे पाऊस संपून भिंती सुकल्यावर काढलेली बरी. दिवाळीआधीची घाई असली, तरी सप्टेंबरच्या दमट हवेत दोन हातांमध्ये डब्यावर दिलेल्या चार-सहा तासांऐवजी अख्खी रात्र जाऊ द्यावी.

पाणी किती घालायचे हे डबा सांगतो, रंगाऱ्याचा अंदाज नव्हे. फाजील पातळ केलेला प्रायमर सुकल्यावर बोटाला भुकटी देतो. एका लिटरमध्ये एका हाताचे साधारण 100 चौरस फूट होतात, भिंतीच्या शोषणाप्रमाणे कमी-जास्त. सुकल्यावर बारीक पॉलिश पेपर हलका फिरवून धूळ पुसायची, मगच रंग.

खाडीकाठी खिडकीच्या ग्रिलला गंज चढतो तो बहुधा वेल्डिंगच्या सांध्यापासून. तिथली खपली छिन्नीने पाडून, तारेच्या ब्रशने धातू उघडा करून त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर द्यावा. वर रंग न देता प्रायमर तसाच उघडा ठेवून आठवडे घालवले, तर त्याखालीही गंज धरतो. जस्त चढवलेल्या पत्र्यावर साधा तेलाचा प्रायमर टिकत नाही, कारण जस्ताशी त्याचाही साबण होतो. त्यासाठी एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला किंचित खाऊन पकड घेणारा, लागतो. लाकडी दारावर गाठींतून डिंक आणि डाग वर येतात. त्यांवर आधी चपड्याचा (लाखेचा) हात आणि मग वूड प्रायमर देतात. बाथरूमच्या दाराची खालची कड मात्र जवळपास प्रत्येक घरात कोरी राहते, आणि दार फुगते ते तिथूनच. दार बिजागऱ्यांतून उतरवून ती कड रंगवलीच पाहिजे.

जुन्या लाकडावर आणि लोखंडावर एके काळी शेंदूर, म्हणजे शिशाचे ऑक्साइड, पहिला हात म्हणून सर्रास देत. भारतात 2016 च्या नियमांनुसार घरगुती रंगांत शिशाची मर्यादा 90 पीपीएम (दहा लाख भागांत 90 भाग) ठरली आणि ती नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीचे थर मात्र चाळींच्या दारे-चौकटींवर अजून असू शकतात. असा रंग कोरडा घासू नये, जाळूनही काढू नये. वॉटर पेपर पाण्यात बुडवून घासावे, मास्क लावावा, धूळ ओल्या फडक्याने टिपावी, आणि लहान मुले व गरोदर बायका यांना काम संपून खोली धुऊन होईपर्यंत दूर ठेवावे.