‘रूमर्स’ आहे का? – आहे ना, पण कुठला?

आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी आमच्या रेकॉर्डच्या दुकानात येतं आणि विचारतं, फ्लीटवूड मॅक या बँडचा रूमर्स हा अल्बम आहे का. आम्ही विचारतो, कुठला? की समोरचा लगेच वैतागतो, त्याला वाटतं अल्बम एक, कव्हर एक, त्यात कुठला काय विचारायचंय. म्हणून हे पत्रक. दरवेळी काउंटरवर तेच पुराण लावण्यापेक्षा लिहून दिलेलं बरं, घरी नेऊन चहा पीत वाचा आणि मग या.

बँडबद्दल फार सांगत नाही. १९६७ ला लंडनमध्ये पीटर ग्रीन या गिटारवाल्याने सुरू केलेला ब्लूज बँड, नाव मात्र ड्रमर मिक फ्लीटवूड आणि बेसवाला जॉन मॅकव्ही यांच्यावरून पडलं. पण आमच्याकडे येणाऱ्यांना बहुतेक वेळा हवा असतो तो पुढचा, कॅलिफोर्नियातला फ्लीटवूड मॅक, म्हणजे १९७४ सरता सरता लिंडसी बकिंगहॅम आणि स्टिव्ही निक्स ही जोडी आत आली तिथून पुढचा. १९७५ चा बँडच्याच नावाचा अल्बम (याला पण लोक ‘व्हाइट अल्बम’ म्हणतात, बीटल्सचा वेगळा, फोनवर ऑर्डर देताना प्लीज नीट सांगा), मग १९७७ चा रूमर्स आणि १९७९ चा टस्क. रीइश्यूची, म्हणजे जुना अल्बम पुन्हा नव्याने काढतात त्याची, खरी गंमत आणि खरा घोळ या तिघांतच आहे.

रूमर्सपासून सुरू करू. १९७६ मध्ये सॉसलिटोच्या रेकॉर्ड प्लांट स्टुडिओत काम सुरू झालं, बँडमधल्या जोड्या तुटत होत्या आणि गाणी एकमेकांवरच लिहिली जात होती, ते सगळं तुम्हाला माहीत असेलच. टेपचं काय झालं ते मात्र कमी जणांना माहीत असतं. एकाच टेपवर इतक्या वेळा ओव्हरडब केलं (आधीच्या वाजवलेल्यावर नवं वाजवून चढवलं), इतक्या वेळा पुढे-मागे फिरवली की टेपवरचा थर झडायला लागला आणि ड्रम्सचा आवाज मेल्यासारखा झाला. सुरुवातीच्या ट्रॅक्सची एक जादा कॉपी काढून ठेवलेली होती म्हणून वाचले. मग एक माणूस दोन्ही टेप कानांनी ऐकत, स्पीड कमी-जास्त करत एकमेकींशी जुळवत बसला. आज आपण ऐकतो तो रूमर्स असा वाचलेला आहे, म्हणून त्याची नवी रेकॉर्ड कोणी आणि कशावरून काढली याला आम्ही एवढा भाव देतो.

आता दुसरा घोळ, सिल्व्हर स्प्रिंग्ज. स्टिव्ही निक्सचं हे गाणं रूमर्सच्याच वेळचं, पण रेकॉर्डच्या एका बाजूला जागा ठरलेली असते, साधारण वीस-बावीस मिनिटांच्या वर गेलं की खाचा जवळजवळ कापाव्या लागतात आणि आवाज बारीक होतो. गाणं लांब, म्हणून वगळलं, त्याच्या जागी तिचंच दुसरं छोटं गाणं आलं आणि हे गेलं गो युअर ओन वे या गाण्याच्या सिंगलच्या, म्हणजे सुट्या छोट्या रेकॉर्डच्या, मागच्या बाजूला. लोकांच्या तोंडी ते खऱ्या अर्थाने आलं १९९७ च्या द डान्स या लाइव्ह अल्बममुळे. तर होतं काय, गिऱ्हाईक रूमर्सची रेकॉर्ड घेऊन जातं आणि दुसऱ्या दिवशी फोन, अहो यात सिल्व्हर स्प्रिंग्ज नाहीये, डिफेक्टिव्ह आहे का? डिफेक्टिव्ह नाही. साध्या एका रेकॉर्डच्या रूमर्सवर मूळची ११ गाणीच असतात. २००४ च्या सीडीत हे गाणं मधेच, साँगबर्ड आणि द चेनच्या मध्ये बसवलंय. आम्हाला विचाराल तर हे आवडलेलं नाही, कारण साँगबर्ड संपल्यावर रेकॉर्ड उलटायची आणि मग द चेन सुरू, ती शांतता मोडली ना राव. पण ज्यांनी आधी तीच सीडी ऐकली त्यांना तसंच बरोबर वाटतं, त्याला इलाज नाही.

२०१३ चा, म्हणजे रूमर्सच्या पस्तिशीच्या नावाने निघालेला सेट दोन प्रकारात आला. तीन सीडींचा एक, त्यात मूळ अल्बम, १९७७ च्या टूरचं लाइव्ह आणि स्टुडिओतले कच्चे टेक. आणि मोठा खोका, ४ सीडी, एक डीव्हीडी, एक एलपी. एका काकांनी मोठा खोका नेला आणि घरी गेल्यावर आठवलं की आपल्याकडे रेकॉर्ड प्लेयरच नाही. तुम्हाला कच्चे टेक आवडत असतील, म्हणजे गाणं हळूहळू कसं उभं राहिलं ते ऐकायची हौस असेल तर तीन सीडीवाला छान आहे. नुसता अल्बम ऐकायचा असेल तर मोठा खोका शोकेसमध्ये धूळ खातो, आमचं नुकसान झालं तरी चालेल पण खरं तेच सांगतो.

सिस्टिम चांगली असेल तर स्टीव्ह हॉफमन आणि केव्हिन ग्रे यांनी मास्टर केलेली (म्हणजे रेकॉर्ड कापण्याआधी आवाजावरचा शेवटचा हात फिरवलेली) ४५ स्पीडची, मिनिटाला ४५ फेरे घेणारी, दोन रेकॉर्डची आवृत्ती शोधा. रेकॉर्ड जोरात फिरते, तेवढ्याच गाण्याला खाच जास्त लांब मिळते, बेस आणि झांजा सुट्या सुट्या ऐकू येतात. तोटा एकच, सारखं उठून बाजू बदलायची. गुडघे दुखत असतील तर ३३ वालीच बरी.

टस्क हा दोन रेकॉर्डचा, २० गाण्यांचा अल्बम. १९८७ ला तो एकाच सीडीत कोंबला आणि मावेना म्हणून सारा हे गाणं कापलं, मूळ सहा मिनिटांच्या वरचं, सीडीत पाचच्या आत. म्हणजे जुन्या बाजारात टस्कची एक सीडी स्वस्तात दिसली तर मागे साराची वेळ बघा, लगेच कळेल. २००४ ला दोन सीडींवर आला तेव्हा सारा पूर्ण झाली. २०१५ च्या मोठ्या सेटमध्ये तर आख्खा टस्क वेगळ्या टेक्समधून पुन्हा लावलेला एक पर्यायी टस्क आहे, तो आमच्या मते या सगळ्या रीइश्यूंमधला सगळ्यात मजेदार भाग. १९७५ च्या अल्बमचा असाच सेट २०१८ ला आला, चांगला आहे, पण टस्कसारखी नवलाई त्यात नाही.

आणि ज्याची वर्षानुवर्षं विचारणा व्हायची तो बकिंगहॅम निक्स, दोघांचा फ्लीटवूड मॅकच्या आधीचा १९७३ चा अल्बम. बाजारात सपशेल पडला होता आणि त्याची अधिकृत सीडी कधी आलीच नाही, त्यामुळे चोरट्या कॉप्या फिरायच्या, आम्हालाही विकायला आणून द्यायचे. शेवटी २०२५ च्या सप्टेंबरमध्ये, ५२ वर्षांनी, तो अधिकृतपणे परत आला. त्याआधीची सीडी कोणी ‘ओरिजिनल इम्पोर्टेड’ म्हणून दाखवली तर हसून पुढे जा.

जुनी की नवी हा प्रश्न रोज येतो. रूमर्स जगभर चार कोटींच्या वर खपलाय, म्हणजे १९७७ च्या पहिल्या खेपेची अमेरिकन रेकॉर्ड काही दुर्मिळ चीज नाही, नग भरपूर आहेत, पण स्वच्छ नग कमी, लोकांनी पार्ट्यांमध्ये वाजवून वाजवून घासलेत. तिचं मास्टरिंग केन पेरीचं, आवाज सुंदर. चांगल्या अवस्थेतली मिळाली तर नव्यापेक्षा आम्ही तीच घेऊ. कव्हरवरचे डाग चालतील, रेकॉर्ड मात्र उजेडात तिरकी धरून बघायची. उलट ‘१८० ग्रॅम’ स्टिकरला भुलू नका. जाड तबकडी हाताला छान लागते, सहज वाकत नाही, पण आवाज ठरतो तो मास्टरिंग आणि प्रेसिंगवर (रेकॉर्ड साच्यात कशी दाबली त्यावर), वजनावर नाही. ‘ॲनालॉग’, म्हणजे मधे कुठेही डिजिटल न करता थेट टेपवरून काढलेली, या शब्दाचंही तेच, २०२२ मध्ये एका नामांकित अमेरिकन कंपनीच्या महागड्या रेकॉर्डांत मधे डिजिटल पायरी होती हे बाहेर आलं आणि कलेक्टर लोकांचं डोकं फिरलं. आमचं म्हणणं, वर्षभर ज्या रेकॉर्डा डोळे मिटून ऐकल्यात त्या एका बातमीने वाईट होत नाहीत, पण पैसे ज्या नावाने घेतले ते खरं असायला हवं होतं.

रीइश्यू महाग का होतो तेही सांगतो. सेट मर्यादित संख्येत निघतात, संपले की संपले, मग जुन्या बाजारात भाव चढतो. शिवाय २०२० ला एक माणूस स्केटबोर्डवरून क्रॅनबेरी ज्यूस पीत रूमर्समधलं ड्रीम्स हे गाणं लावून गेला, तो व्हिडिओ जगभर फिरला आणि कॉलेजची पोरं रूमर्स मागायला आली. मागणी तेव्हापासून उतरलेली नाही.

पावसाळ्याचं मात्र नीट ऐका, कारण तक्रारी जूनपासूनच यायला लागतात. पीव्हीसीच्या मऊ पिशवीत रेकॉर्ड ठेवली की काही दिवसांनी तिच्यावर धुरकट थर येतो आणि आवाजात खरखर, तो जात नाही. आतलं पाकीट कागदी किंवा पॉलिथिनचं, बाहेरचं कव्हर सैल. कपाट भिंतीला टेकवू नका, ओल येते आणि पुठ्ठ्याला बुरशी धरते. रेकॉर्डा उभ्या ठेवायच्या, आडव्या रचल्या की खालच्या वाकतात, आणि गाडीच्या डिकीत उन्हात ठेवून लग्नाला गेलात तर पापडच.

आमच्याकडे यायच्या आधी फोन केलात तर बरं. काय ऐकायचंय, प्लेयर कुठला आहे आणि सिल्व्हर स्प्रिंग्ज हवंय की नकोय, एवढं सांगा, काढून ठेवतो. बाहेरून मागवावं लागलं तर चार ते सहा आठवडे धरा, अर्धे पैसे आधी, पार्सल आलं की आमच्यासमोर उघडा, कोपरा चेपलेला असला तर तिथेच परत.