तोच चेहरा पुन्हा दिसायला हवा

तीस-चाळीस हजार विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात पहिल्या वर्षाला गेलेलं मूल फोनवर ‘एकटं वाटतं’ म्हणालं की घरचे बुचकळ्यात पडतात. एवढी माणसं आहेत की! खरी गोम तिथेच आहे. माणसं हजारो असतात, पण आज तासाला शेजारी बसलेली मुलगी पुन्हा कधी भेटेल याचा नेम नाही. मेसच्या रांगेत, ग्रंथालयात, बसमध्ये दर वेळी नवे चेहरे. मैत्रीला मात्र तोच तो चेहरा लागतो.

याचा सगळ्यात गाजलेला पुरावा 1950 सालचा आहे. लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ली शॅक्टर आणि कर्ट बॅक यांनी अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत कोणाचं कोणाशी जमतं ते तपासलं. दुमजली इमारती, एका मजल्यावर पाच घरं. लागून असलेल्या दारांमध्ये मैत्री जुळण्याचं प्रमाण निघालं 41 टक्के, एक दार मध्ये सोडलं की 22 आणि मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांमध्ये अवघं 10. ही टोकं काही कोसभर लांब नव्हती, चार पावलं जास्त इतकंच. जिन्याच्या तोंडाशी राहणाऱ्या तळमजल्यावरच्या बिऱ्हाडांची वरच्या मजल्यावर इतरांपेक्षा जास्त ओळख होती, कारण वरचे सगळे त्यांच्याच दारावरून जायचे. स्वभाव जुळले म्हणून मैत्री झाली असं आपण नंतर सांगतो. निम्मं काम जिन्याने केलेलं असतं.

नुसतं दिसण्यानेही फरक पडतो. 1992 मध्ये रिचर्ड मोरलँड आणि स्कॉट बीच यांनी दिसायला साधारण सारख्या चार तरुणींना एका मोठ्या वर्गात बसवलं. एक पंधरा तासांना आली, दुसरी दहा, तिसरी पाच, चौथी एकदाही नाही. त्यांनी वर्गात कोणाशीही बोलायचं नाही, अशी अट होती. सत्र संपल्यावर विद्यार्थ्यांना चौघींचे फोटो दाखवले, तर जी जास्त वेळा आली होती ती जास्त आवडली.

अर्थात आवडणं म्हणजे मैत्री नव्हे. जेफ्री हॉल यांच्या 2018 सालच्या अभ्यासानुसार नुसत्या ओळखीची जुजबी मैत्री व्हायला साधारण 50 तास लागतात, जवळच्या मैत्रीला 200 पेक्षा जास्त. तेही एकत्र काम करण्याचे नव्हेत, तर टंगळमंगळ करण्याचे! म्हणून पहिल्याच आठवड्यात डझनभर मंडळांत नाव घालणं मला तरी फुकट वाटतं. दर आठवड्याला त्याच वारी, त्याच जागी भेटणारा एखादा गट, मग तो नाटकाचा असो की बुद्धिबळाचा, आणि भेट संपल्यावर रेंगाळायची तयारी. तासांचा हिशोब असाच जमतो.

हे तास जमेपर्यंत मनात एकच खुपत असतं: बाकीच्यांचं केव्हाच जमलंय. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना याबद्दल विचारलं तेव्हा 48 टक्क्यांना वाटत होतं की इतरांना आपल्यापेक्षा जास्त जवळचे मित्र मिळालेत. आपलेच जास्त, असं मानणारे 31 टक्के.

या समजुतीमागे थोडं गणितही आहे. समाजशास्त्रज्ञ स्कॉट फेल्ड यांनी 1991 मध्ये ते मांडलं. जिला दहा मैत्रिणी, तिचं नाव दहाजणींच्या यादीत येतं. जिला एकच, तिचं एकीच्याच. म्हणजे आपल्या ओळखीत बोलघेवडी माणसं भरणारच, आणि सरासरीने आपल्या मित्रांना आपल्याहून जास्त मित्र निघणार. शिवाय खोलीत एकटा बसलेला मुलगा कोणाला दिसतच नाही, घोळका मात्र लांबूनही दिसतो.

दुसरा चकवा गप्पांनंतरचा. ‘मी काहीतरी बावळटासारखं बोललो’ असं वाटून आपण पुन्हा जायचं टाळतो. एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये दाखवलं, की पहिल्या संभाषणानंतर समोरच्याला आपण जितके आवडलो असं आपल्याला वाटतं, त्याहून प्रत्यक्षात जास्त आवडलेले असतो. एकाच सदनिकेत राहणाऱ्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांमध्येही हा गैरसमज कित्येक महिने टिकून होता.