दग्ली म्हणजे आखूड लघुकथा नव्हे

फिलिपिन्समध्ये, मनिलाच्या जीपनीत, म्हणजे तिथल्या लांबोडक्या शेअर जीपमध्ये, मागच्या बाजूने चढायचं. आत समोरासमोर दोन लांब बाकं, ड्रायव्हर पार पुढे. भाडं द्यायला उठून जायचं नसतं. 'बायाद पो' म्हणायचं आणि पैसे शेजारच्याच्या हातावर ठेवायचे. ते हातोहात पुढे जातात, सुट्टे तसेच हातोहात मागे येतात. आता ही गोष्ट ऐका.

दाराशी बसलेल्या माणसाने वीस पेसो पुढे दिले. भाडं तेरा. पाच जणांच्या हातांतून पैसे गेले, पाच जणांच्या हातांतून सुट्टे आले. त्याने मूठ उघडून मोजले. सहा. त्याने मान वर केली. पाचही जण खिडकीबाहेर बघत होते.

संपली. ही मीच जुळवली आहे, पण बेत तिथल्या तागालोग भाषेतल्या 'दग्ली' या प्रकाराचा. आता हाच ऐवज घेऊन 'माइक्लिंग क्वेन्तो' लिहायची, म्हणजे शब्दशः छोटी गोष्ट, आपली लघुकथा, तर काय करावं लागेल? त्या पाचांतली एक बाई निवडावी लागेल. समजा, ती बँकेतून निवृत्त झालेली कॅशियर आहे. तीस वर्षं रोज संध्याकाळी हिशोब जुळवला, एका सेंताव्होचा फरक पडू दिला नाही. आज मूठ आपोआप मिटली. ती घरी जाते, पेसो जेवणाच्या टेबलावर ठेवते. नवरा विचारतो, हा कुठला? ती काय सांगते, रात्री तिला झोप लागते का, दुसऱ्या दिवशी ती त्याच जीपनीची वाट बघत थांबते का, हे सगळं लेखकाच्या गळ्यात पडतं. बारा-पंधरा पानं सहज होतील.

दोन्ही प्रकार लोक सर्रास एकात एक मिसळतात. आपल्याकडे शंभर शब्दांची गोष्ट व्हॉट्सअॅपवर आली की 'अलक' (अति लघु कथा) म्हणून पुढे ढकलायची आणि मोकळं व्हायचं. तिकडेही दग्ली म्हणजे आखूड माइक्लिंग क्वेन्तो असंच पुष्कळांना वाटतं, कोणी तिला सरळ फ्लॅश फिक्शन म्हणतात. 'दग्ली' या शब्दाचा अर्थच मुळी झटकन, ताबडतोब. त्यामुळे शब्द मोजायचे, दोनशेच्या आत असले तर दग्ली, असा सोपा हिशोब होतो. मला तो पटत नाही. चिमणी म्हणजे लहान मोर नव्हे.

माझा या प्रकाराशी संबंध आला तो दुबईत. तिथल्या ऑफिसात मराठी आणि फिलिपिनो माणसं टेबलाला टेबल लावून बसतात. माझ्या शेजारच्या बाईंना सगळे 'आते' म्हणायचे. त्यांच्याकडे आते म्हणजे थोरली बहीण; मी मात्र पहिले काही दिवस ती कोणाची तरी आत्या आहे असंच धरून चाललो होतो. ही आते डबा खाताना एक पॉडकास्ट लावायची. चार मित्रमैत्रिणी, त्यांच्या शब्दांत 'बारकाडा', दर वेळी प्रत्येकाने काहीतरी छोटं वाचायला आणायचं. कोणी दग्ली आणी, कोणी तानागा, म्हणजे सात-सात अक्षरांच्या चार ओळींची जुनी कविता, कोणी पेपरातलं कात्रण, आणि अधूनमधून एखादी पूर्ण लघुकथा. मग त्यावर 'क्वेन्तुहान', गप्पा. निम्मं तागालोग, निम्मं इंग्रजी, मधेच कोणीतरी फिस्सकन हसायचं. आते मला भाषांतर करून सांगायची, तोवर माझी भाजी गार.

त्या गप्पांमध्ये मला दोन्ही प्रकारांतला फरक आधी कानाला कळला, पुस्तकातून नंतर. लघुकथा वाचून झाली की चौघं एकमेकांना विचारत, तिने असं का केलं? तो परत का गेला? म्हणजे बोलणं गोष्टीच्या आत चाले. उत्तर गोष्टीतच कुठेतरी आहे, शोधायचं आहे, अशी सगळ्यांची खात्री. दग्ली वाचून झाली की आधी एक क्षण शांतता, मग कोणीतरी 'आराय!' म्हणे. ठेच लागली की आपण 'आई गं' म्हणतो, तसं. आणि पुढचं बोलणं गोष्टीबाहेर सुटे. माझ्या मावशीकडे असं झालं होतं, आमच्या बरांगायमध्ये, म्हणजे वॉर्डात, निवडणुकीच्या आधी असेच पैसे वाटतात, वगैरे.

आतेकडून आणखी एक शब्द मिळाला, 'बितिन'. काहीतरी हवं होतं आणि मधेच संपलं, घास तोंडाशी येऊन राहिला, मनाला चुटपूट लागली, की बितिन. लघुकथा बितिन वाटली तर ती फसली. दग्ली मात्र त्या चुटपुटीवरच उभी असते. जीपनीच्या गोष्टीत पेसो कोणी घेतला हे मी सांगितलं असतं तर ती पोलीस चौकीतली नोंद झाली असती. अर्थात नुसतं मधेच तोडलं की दग्ली होत नाही, हेही खरं. हल्ली फेसबुकवर दिसणाऱ्या बऱ्याच दोन ओळींच्या 'दग्ली' तशाच असतात. शेवटी भूत, नाहीतर शेवटी कळतं की बोलणारा मेलेला आहे. तो धक्का झाला. ठेच वेगळी.

हा फरक कुठून आला ते बघायला शंभराहून अधिक वर्षं मागे जावं लागतं. 1898 मध्ये फिलिपिन्समधून स्पेन गेला, अमेरिका आली. 1901 मध्ये अमेरिकी सरकारने राजद्रोहाचा कायदा केला. स्वातंत्र्याची भाषा बोलणंसुद्धा गुन्हा ठरला. त्याच काळात मनिलात वर्तमानपत्रं जोरात होती. 'एल रेनासिमिएन्तो' हे स्पॅनिश पत्र आणि त्याचा तागालोग जोडीदार 'मुलिंग पागसिलांग', दोन्ही नावांचा अर्थ पुनर्जन्म. तागालोग बाजू लोपे के. सान्तोस सांभाळत. अशा पत्रांच्या रकान्यांत दग्ली वाढली. साहेबी थाटाला भुललेले लोक, पुढारी, जुगारी यांच्यावर चार-दोन परिच्छेदांत फटका, कधी कोण्या तरुणीला उद्देशून लिहिलेलं प्रेमाचं टिपण. पुष्कळदा खाली टोपणनाव. शब्द कमी, कारण रकान्यात जागाच तेवढी. आणि नाव घेतलेलं नाही, कारण घेतलं तर तुरुंग. वाचणाऱ्याला मात्र कोणाबद्दल चाललंय ते नेमकं कळायचं.

नाव न घेण्याची ही कला किती जिवावर बेतू शकते हे 1908 मध्ये दिसलं. 30 ऑक्टोबरला एल रेनासिमिएन्तोने एक संपादकीय छापलं, मथळा 'शिकारी पक्षी' अशा अर्थाचा. ती दग्ली नव्हे, पण हत्यार तेच: संपूर्ण लेखात कोणाचंही नाव नाही. सरकारातले गृहखात्याचे सचिव डीन वूस्टर यांनी मात्र स्वतःला ओळखलं आणि अब्रुनुकसानीचा दावा लावला. म्हणजे कोर्टात उभं राहून सांगायचं, की तो गिधाडासारखा वागणारा माणूस मीच. दावा ते जिंकले, पत्र बंद पडलं. त्याच वर्षी जुलैत मुंबईत टिळकांना 'केसरी'तल्या लेखांवरून सहा वर्षांची शिक्षा झाली होती. दोन साम्राज्यं वेगळी, पण छापील शब्दाची धास्ती सारखीच.

आणि इथे मला दग्लीसाठी आपला एक शब्द सापडतो. अलक नव्हे, 'स्फुट'. अग्रलेखाच्या खाली, कोपऱ्यात बसून चिमटा काढणारं. दग्लीचं कूळ तिथलं आहे, कथेच्या घरातलं नाही. (हरिभाऊ आपट्यांच्या 'स्फुट गोष्टी' इथे मोजू नका. त्या चांगल्या ऐसपैस गोष्टी आहेत. स्फुट म्हणजे सुट्या, एवढाच तिथे अर्थ.)

माइक्लिंग क्वेन्तोचा उगम मोठ्या प्रमाणात शाळेत आहे. ऑगस्ट 1901 मध्ये 'थॉमस' नावाच्या जहाजातून पाचशेहून अधिक अमेरिकी शिक्षक मनिलात उतरले. त्यांच्या पाठोपाठ इंग्रजी क्रमिक पुस्तकं आली आणि त्यांतून कथेचा तो घडीव साचा: सुरुवात, पेच, कळस, उकल. 1922 मध्ये 'लिवायवाय' हे साप्ताहिक निघालं आणि तागालोग कथेला घरोघरचा वाचक मिळाला. 1925 मध्ये पाझ मार्केस-बेनितेस यांची इंग्रजी कथा आली. फिलिपिनो माणसाने लिहिलेली पहिली आधुनिक इंग्रजी लघुकथा म्हणून तिचंच नाव घेतात. देओग्रासियास रोसारिओ यांना तागालोग लघुकथेचे जनक म्हणतात. 1927 पासून क्लोदुआल्दो देल मुंदो वर्षातल्या उत्तम कथांची निवड जाहीर करू लागले, आणि 1950 मध्ये पालांका साहित्य पुरस्कार सुरू झाले ते फक्त लघुकथेसाठी. एवढा मानमरातब मिळाल्यावर दग्लीचं काय होणार? ती रकान्यातच राहिली, रकाने बदलले, आणि 1930 च्या दशकाच्या अखेरीस ती जवळपास दिसेनाशी झाली. इतिहास लिहिणाऱ्यांनी तिला लघुकथेकडे चढायची पायरी म्हणून बसवलं. पायरीवर कोणी मुक्काम करत नाही.

तिला तिथून उठवलं ते या शतकात. रोलांदो तोलेन्तिनो यांनी 2005 मध्ये स्वतःच्या शंभर दग्लींचं पुस्तक काढलं आणि 2007 मध्ये अरिस्टॉटल आतिएन्सा यांच्याबरोबर 1903 ते 1936 मधल्या जुन्या दग्ली संपादित केल्या. लेखक एरोस आताल्या यांनी तिला तरुण वाचकांत नेलं. फोनवरच्या संदेशांचं वेड तोवर त्या देशात शिगेला पोचलं होतं, आखूड मजकुराची सवय लागलेलीच होती. पण नव्या दग्लीचा आकारच तेवढा जुना आहे असं नाही. कॉल सेंटर, परदेशी गेलेली आई, मॉलमधला सुरक्षारक्षक, आणि मधे कोणाचं तरी न घेतलेलं नाव. हा जुनाच स्वभाव.

पॉडकास्टला ती मानवते यात मला नवल वाटत नाही. लघुकथा आधी घरी वाचून यावी लागते. चौघांपैकी एकाने वाचलेली नसते आणि तो पूर्ण वेळ हो-हो करत राहतो, हे ऐकताना कळतं. दग्ली तिथेच, माइकसमोर, एका दमात वाचून होते. ऐकणारा आणि बोलणारे एकाच क्षणी शेवटाला पोचतात.

जीपनीची ती गोष्ट मी आतेला ऐकवली, माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत. जरा छाती फुगवूनच. शेवटच्या ओळीला ती 'आराय' म्हणेल अशी अपेक्षा होती. तिने डब्याचं झाकण लावलं, थोडा विचार केला आणि म्हणाली, "तुझ्या गोष्टीत पाचही जणांकडे संशयाने बघितलंस. ड्रायव्हरने मुळात सहाच दिले असतील तर?"

आराय मीच म्हणालो.