बंद पाकिटांवरचा पहारा

इंटरनेटवरून माहिती छोट्या तुकड्यांत जाते. त्या तुकड्याला 'पॅकेट' म्हणतात, आणि आपला 'पाकीट' हा शब्द त्याला चपखल बसतो: वर पत्ता, आत मजकूर. १९९८ साली आलेल्या 'स्नॉर्ट'सारख्या पहारेकरी सॉफ्टवेअरचा भर पाकिटातला मजकूर तपासून ओळखीच्या हल्ल्यांच्या खुणांशी ताडून बघण्यावर होता. आता बहुतेक पाकिटं एन्क्रिप्टेड, म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद असतात. वाटेत कुणालाही मजकूर वाचता येत नाही.

तरी बाहेरून बरंच दिसतं. कोण कुणाशी बोललं, किती वेळ, किती बाइट गेले, किती आले, दोन पाकिटांत किती अंतर होतं. संगणकात शिरलेलं मालवेअर, म्हणजे घातकी सॉफ्टवेअर, आपल्या मालकाला पुढचा हुकूम विचारायला ठरावीक वेळाने बाहेर संपर्क साधतं. माणसाच्या क्लिकना असा ताल नसतो. २००८ मध्ये पसरलेला 'कॉन्फिकर' हा मालवेअरचा प्रकार अशा संपर्कासाठी रोज २५० नवी डोमेन नावं (वेबसाइटचे पत्ते) तयार करायचा, पुढच्या एका आवृत्तीत ५०,०००. त्यातली बहुतेक नावं अस्तित्वातच नसत. 'असा पत्ता नाही' हे उत्तर एकाच संगणकाला दिवसभर मिळत असेल, तर संशय घ्यायला तेवढं पुरे.

अशा खुणा शेकडो असतात आणि त्यांची सरमिसळ माणसाच्या आवाक्याबाहेरची, म्हणून मशीन लर्निंग: नमुन्यांवरून खुणा शिकणारा प्रोग्रॅम, म्हणजेच 'मॉडेल', तयार करायचा. एक तर चांगल्या-वाईट वाहतुकीचे नमुने दाखवून मॉडेलला फरक शिकवायचा, नाहीतर फक्त 'नेहमीचं' काय ते शिकवून वेगळं दिसेल त्यावर बोट ठेवायला सांगायचं. नेहमीपेक्षा वेगळं वागणं टिपण्याची ही दुसरी कल्पना संगणकशास्त्रज्ञ डोरोथी डेनिंग यांनी १९८७ सालीच नीट मांडली होती.

घोडं अडतं ते गणितात. समजा, नेटवर्कवर दिवसाला एक कोटी जोडण्या होतात आणि त्यातल्या १०० घातकी आहेत. मॉडेल ९९ टक्के घातकी जोडण्या पकडतं आणि निरपराध जोडण्यांपैकी फक्त १ टक्क्यावर चुकून आळ घेतं. ऐकायला झकास! प्रत्यक्षात ९९ खऱ्या इशाऱ्यांसोबत जवळपास एक लाख खोटे येतील, म्हणजे हजारातला एक खरा. संशोधक स्टेफान अ‍ॅक्सेलसन यांनी १९९९ साली याच अडचणीवर बोट ठेवलं होतं. '९९ टक्के अचूक' अशी जाहिरात दिसली की मी आधी खोट्या इशाऱ्यांचा आकडा शोधतो. तो सहसा नसतो.

दुसरी गंमत नमुन्यांची. एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेने १९९९ साली तयार केलेली सरावाची वाहतूक संशोधक वर्षानुवर्षं वापरत होते. पाकीट आणखी किती टप्पे जाऊ शकतं हे सांगणारा एक आकडा त्यावर असतो. २००३ साली मॅथ्यू महोनी आणि फिलिप चॅन यांनी दाखवलं की या संचात १२६ आणि २५३ हे आकडे फक्त हल्ल्याच्या पाकिटांवर होते. साध्या वाहतुकीत बहुतेक १२७ किंवा २५४. तो आकडा पाहणारं मॉडेल हल्ला म्हणजे काय हे न कळताच फुकटचे गुण मिळवू शकलं असतं. परीक्षेत पास, पहाऱ्यावर नापास.

आणि हल्लेखोर काही गप्प बसलेले नाहीत. हुकूम विचारणारं मालवेअर आता मुद्दाम ताल चुकवतं: ६० सेकंदांऐवजी कधी ४७, कधी ७१. पण चुकवलेला तालही बहुधा ठरावीक मर्यादेतच फिरतो. दिवसभराच्या नोंदी एकत्र मांडल्या, की साठच्या आसपासचा तो घोळका पुन्हा दिसू लागतो.