गावात ओपन शूटिंग रेंज पाहिजे? ग्रामसभेपासून कलेक्टर ऑफिसपर्यंत अर्ज कसा करायचा

2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं. त्याच्या आधी कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत 2010 ला नेमबाजीत वर्ल्ड चॅम्पियन झालेली, इथल्याच राही सरनोबतनं 2018 च्या एशियाडला गोल्ड आणलेलं. कोल्हापूर जिल्ह्यात शिकायची हौस असलेली पोरं भरपूर आहेत, अडतंय ते जागेवर. 10 मीटरची एअर रायफल शाळेच्या हॉलमध्येपण जमते, पण 25 मीटर पिस्टल आणि 50 मीटर रायफलला पॉइंट 22 ची (0.22 इंच बोअरची) खरी गोळी लागते आणि त्याला नीट बांधलेली रेंजच पाहिजे.

पहिलं कोण मागणी करू शकतं ते सांगतो. गावच्या मतदार यादीत नाव असलेला कुणीही ग्रामसभेत विषय मांडू शकतो. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (आधीचे ग्रामसेवक) दोघांच्या नावानं लेखी अर्ज द्या, तोही ग्रामसभेची नोटीस निघायच्या आधी, म्हणजे विषय अजेंड्यावर येतो, नाहीतर 'ऐनवेळचे विषय' मध्ये जातो आणि तोवर निम्मी माणसं उठून गेलेली असतात. कोरम एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, यातलं जे कमी असेल ते. ठरावात नुसतं 'शूटिंग रेंज व्हावी' लिहून घेऊ नका हो, आमच्या इथं एक ठराव असाच झाला आणि वरच्या ऑफिसातून 'जागेचा तपशील नाही' म्हणून परत आला, वर्ष गेलं त्यात. गट नंबर, क्षेत्र, जागा कुणाच्या मालकीची, सूचक-अनुमोदक, सगळं ठरावातच आलं पाहिजे.

आता जागा, खरं काम इथंच आहे. लोकांच्या डोक्यात पहिल्यांदा गायरान येतं. पण जमीन महसूल संहितेच्या कलम 22अ नुसार गायरान दुसऱ्या कामाला वळवायचं तर सार्वजनिक कारण लागतं आणि दुसरी योग्य जागा नाही हे दाखवावं लागतं, त्यामुळं आधी पड सरकारी जमीन शोधा, जुनी बंद पडलेली खाण मिळाली तर फारच चांगलं कारण मागं आयती भिंत असते. वनखात्याची जमीन असेल तर 1980 च्या वन कायद्याखाली केंद्राची परवानगी लागते, त्या वाटेला शक्यतो जाऊच नका. पॉइंट 22 ची गोळी दिसायला छोटी, पण मोकळी सुटली तर दीड किलोमीटरच्या पुढं जाऊ शकते. म्हणून टार्गेटच्या मागं मातीचा उंच बांध, बाजूला भिंती आणि त्या दिशेला वस्ती, रस्ता, पाणंद, जनावरं चारायची वाट काहीच नको. नेमबाजाचं तोंड उत्तरेकडं राहील अशी रेंज आखतात, म्हणजे ऊन डोळ्यावर येत नाही. शिसं मातीत साठतं, तर विहीर, ओढा जवळ नको. शाळा-दवाखान्यापासून 100 मीटर शांतता क्षेत्र असतं, त्याच्या बरंच लांब राहा. हे सगळं गावनकाशावर पेनानं काढून अर्जाला जोडा, शेजारच्या शेतकऱ्यांच्या मनातली भीती याच कागदानं जाते, ती भीती खरी असते आणि तिला उत्तर देणं आपलं काम आहे.

कागदपत्रं म्हणाल तर ग्रामसभेच्या ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल, सातबारा, मोजणी नकाशा, गावनकाशा, रेंजचा आराखडा आणि अंदाजपत्रक, शेजारच्या खातेदारांचं ना हरकत, आणि रेंज कोण चालवणार त्या संस्थेचं रजिस्ट्रेशन. हा सगळा प्रस्ताव कलेक्टर ऑफिसला द्यायचा, एक प्रत तहसीलदारांना, एक जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना. निधीसाठी क्रीडांगण विकास अनुदान योजनेत काय बसतं ते क्रीडा अधिकाऱ्यांनाच विचारा, जिल्हा नियोजन समितीतून मागायचं असेल तर आमदारांचं पत्रपण सोबत ठेवा. नगरपरिषद असेल तर ग्रामसभेऐवजी नगरसेवकामार्फत सर्वसाधारण सभेत ठराव.

जमीन मिळाली म्हणजे गोळी झाडायची परवानगी मिळाली असं नाही बरं का. शस्त्र अधिनियम 1959 आणि शस्त्र नियम 2016 खाली रायफल क्लब, फायरिंग रेंजचं लायसन वेगळं काढावं लागतं, ते कलेक्टरांकडं म्हणजे जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडं, पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात आयुक्तांकडं. पोलीस रिपोर्ट मागवतात, हत्यारं-काडतुसं ठेवायची स्ट्राँगरूम, रजिस्टर, जबाबदार माणूस कोण हे सगळं बघतात. पॉइंट 177 (0.177 इंच) बोअरपर्यंतच्या आणि छर्र्याची ताकद 20 ज्यूलच्या आत असलेल्या एअर रायफलला मात्र लायसन लागत नाही, म्हणून माझं म्हणणं, पहिल्या टप्प्यात 10 मीटरची शेड मागा, पोरांची प्रॅक्टिस चालू होऊ दे, आणि त्याच आराखड्यात 25 आणि 50 मीटरची जागा राखून ठेवा.

अर्ज दिला की आवक नंबर आणि तारीख आपल्या प्रतीवर घ्या, पंधरा दिवसांनी त्याच टेबलवर जाऊन विचारा, फाईल कुणाकडं आहे ते वहीत लिहून ठेवा. महिनाभर हालचाल नसेल तर माहिती अधिकारात सद्यस्थिती मागायची, तीस दिवसात उत्तर द्यावंच लागतं.