तुमची माहिती आम्ही कशाला मागतो?

ऑर्डर देताना नाव, पत्ता आणि मोबाइल नंबर लागतोच. तोच तपशील कुरिअर कंपनीलाही द्यावा लागतो. ईमेल ऐच्छिक आहे. दिला नाहीत तर बिल पार्सलसोबत येते.

खरा फायद्या-तोट्याचा प्रश्न आहे तो जुन्या ऑर्डरींच्या नोंदींचा. खाते उघडलेत तर मागच्या ऑर्डरी आणि चॅटवर झालेले बोलणे आमच्याकडे राहते. मग तक्रार करताना पहिल्यापासून सगळे सांगत बसावे लागत नाही, बिल शोधावे लागत नाही, वस्तू बदलून देण्याचे काम लवकर होते. पण याच नोंदी ओळीने वाचल्या तर घरात बाळ आले आहे की कुणी आजारी आहे, हेही समजू शकते. म्हणून खात्याची सक्ती नाही. खात्याशिवाय ऑर्डर दिलीत तर माल तोच आणि दरही तोच. फक्त तक्रारीच्या वेळी ऑर्डर क्रमांक हाताशी ठेवा.

‘वाढदिवसाची सवलत का देत नाही?’ असे बरेच जण विचारतात. त्यासाठी जन्मतारीख घ्यावी लागेल, आणि ती आम्हाला नको आहे. अमेरिकेतील संशोधक लटान्या स्वीनी यांनी १९९० च्या जनगणनेच्या आकड्यांवरून दाखवले होते, की जन्मतारीख, लिंग आणि पाच अंकी पोस्टल कोड एवढ्यावरून तिथल्या सुमारे ८७ टक्के लोकांना वेगळे ओळखता येण्याची शक्यता आहे. नावाची गरजच नाही! तेव्हा ‘नाव काढून टाकले, आता माहिती निनावी’ असे कुणीही सांगितले तरी, अगदी आम्ही सांगितले तरी, सावध राहा.

कुकीबद्दल थोडेसे. कुकी म्हणजे साइटने तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटीशी नोंद. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत ती तयार झाली, त्यामागे दुकानाच्या साइटला ग्राहकाची ‘कार्ट’ लक्षात राहावी हा हेतू होता. पाळतीसाठी तिचा वापर जाहिरातवाल्यांनी पुढे सुरू केला. आमच्या साइटवर कार्ट आणि लॉगिनपुरत्याच कुकी आहेत. आमच्या अ‍ॅपला तुमची संपर्कयादी किंवा लोकेशन लागत नाही.

खाते बंद करायचे असेल तर चॅटवर कळवा. कारण विचारणार नाही. जुन्या ऑर्डरी आणि चॅट पुसून टाकू. बिले मात्र कराच्या नियमांनुसार ठराविक मुदतीपर्यंत ठेवावीच लागतात.