जीएसटी नंबर: सांगलीतल्या छोट्या धंद्याला कधी लागतो, अर्ज कसा, कागद कोणते

वर्षाची विक्री 40 लाखांच्या आत आहे, मग जीएसटी नंबर कशाला, असं सर्रास धरून चालतात. हे अर्धंच खरं. महाराष्ट्रात 40 लाखांची सूट फक्त मालच विकणाऱ्याला आहे. त्यात सेवा मिसळली की मर्यादा 20 लाखांवर येते. घरी हळद-मिरचीची पूड करून विकणारी ताई गिऱ्हाइकांची मिरचीही पैसे घेऊन कांडून देत असेल, तर ती कांडपाची मजुरी सेवेत मोडते आणि तिच्यासाठी आकडा 20 लाखांचा. स्वतःचा गाळा दुसऱ्याला भाड्याने दिला असेल तरी तेच. बँकेतल्या ठेवीवर व्याज मिळतं एवढ्यानं मात्र कुणी सेवा देणारा ठरत नाही. वीटभट्टीवाल्यांची 40 लाखांची सूट 2022 मध्येच गेली. उलाढाल मोजताना एकाच पॅनवरची सगळी दुकानं आणि करमाफ मालही धरायचा.

आपल्याकडे याहून मोठी गोम सीमेची आहे. मिरज ओलांडून कागवाडला गेलं की कर्नाटक. तिथल्या दुकानदाराला हळदपुडीचं एक पोतं बिल करून पाठवलं तरी ती आंतरराज्य विक्री, आणि मग उलाढाल पाच लाखांची असली तरी नंबर आधी घ्यावा लागतो. तिकडचं गिऱ्हाईक मिरजेत दुकानात येऊन किलोभर घेऊन गेलं आणि बिलावर पत्ता नसेल, तर विक्री इथलीच धरतात. ऑनलाइन कंपन्यांमार्फत राज्यातल्या राज्यात माल विकायला, मर्यादेच्या आत असाल तर, 1 ऑक्टोबर 2023 पासून नंबर लागत नाही. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवरून फक्त एनरोलमेंट क्रमांक घ्यायचा. माल राज्याबाहेर गेला की ही सवलत संपली.

स्वतःच्या रानातला माल विकणाऱ्या शेतकऱ्याला नोंदणी नाही. बेदाणा वाळवलेला असल्यामुळे तासगाव भागात याबद्दल शंका होती; शेतकऱ्यानं विकलेल्या बेदाण्यावर जीएसटी नाही, हे जीएसटी परिषदेच्या 21 डिसेंबर 2024 च्या बैठकीत स्पष्ट झालं. दुसऱ्याचा बेदाणा घेऊन विकणारा मात्र व्यापारीच.

नोंदणी बंधनकारक झाली की 30 दिवसांत अर्ज करायचा. तो जीएसटी पोर्टलवर होतो आणि सरकारी फी शून्य आहे. सल्लागार घेतो ते त्याच्या कामाचे पैसे. पहिल्या भागात पॅन, मोबाइल आणि ईमेल ओटीपीनं तपासले जातात आणि तात्पुरता क्रमांक मिळतो. तो 15 दिवसच चालतो, तेवढ्यात उरलेला अर्ज भरून टाका. मग आधारची पडताळणी: ईमेलवरच्या लिंकनं ओटीपी, नाहीतर बायोमेट्रिकसाठी केंद्रावर बोलावणं.

पॅन, आधार आणि फोटोत कुणी अडत नाही. अर्ज अडकतो तो जागेच्या कागदावर. जागा स्वतःची असेल तर घरपट्टीची पावती किंवा लाईट बिल, यातला एकच कागद पुरतो. वडिलांच्या किंवा बायकोच्या नावावर असेल तर त्यांचं साध्या कागदावरचं संमतीपत्र, त्यांचं ओळखपत्र आणि मालकीचा एक कागद. भाड्याची असेल तर भाडेकरार आणि घरमालकाच्या मालकीचा पुरावा. करार नोंदणीकृत नसेल तर घरमालकाचं ओळखपत्रही जोडा. लाईट बिल अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर असेल (बऱ्याच घरांत असतंच), तर आधी ते नाव बदलून घ्या. याहून जादा कागद ऊठसूट मागू नयेत, अशी सूचना केंद्रानं एप्रिल 2025 मध्ये अधिकाऱ्यांना दिली आहे. कुणी उद्यम (लघुउद्योग नोंदणीच्या) प्रमाणपत्रासाठी अडवलं तर नम्रपणे तिचा हवाला द्या.

सगळं नीट असेल तर 7 कामकाजाच्या दिवसांत नंबर येतो. जागेची पाहणी निघाली तर 30 दिवस लागू शकतात. अधिकाऱ्यानं शंका काढली तर उत्तराला 7 कामकाजाचे दिवस मिळतात. तेव्हा ईमेल रोज बघा. सल्लागाराचाच ईमेल आणि मोबाइल देऊन मोकळं होण्याची पद्धत मला मुळीच पटत नाही, कारण नोटिसा पुढेही तिथंच जातात.

दीड कोटीपर्यंतच्या दुकानदाराला अर्जातच कंपोझिशन (छोट्यांसाठीची सोपी कर योजना) निवडता येते. कर 1 टक्का, चलन तिमाहीला, विवरणपत्र वर्षातून एकदा. पण गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेता येत नाही, खरेदीवरच्या कराची वजावट नाही आणि माल राज्याबाहेर विकता येत नाही. कागवाडचं गिऱ्हाईक सांभाळायचं असेल तर नेहमीचीच नोंदणी घ्या.

नंबर मिळाल्यावर 30 दिवसांत किंवा विक्रीचं पहिलं विवरणपत्र भरण्याआधी, यातलं जे आधी येईल तेव्हा, बँक खातं पोर्टलवर जोडा. विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरावंच लागतं. प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावा आणि बाहेरच्या पाटीवर जीएसटी नंबर रंगवून घ्या.